बोलीतला अर्धा सेकंद : बंदरावरच्या एका डीव्हीआरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुडाळला माझं कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र) बसवण्या-दुरुस्तीचं दुकान आहे. हे प्रकरण मालवण आणि देवगडच्या मधल्या एका लहान बंदरावरचं. बंदराचं, सोसायटीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. चेअरमननी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर.

बंदरावर मच्छीमार सोसायटीची लिलावाची शेड आहे. वर पत्रे, खाली सिमेंटचा कोबा, एका अंगाला बर्फाची खोली आणि दुसऱ्या अंगाला ऑफिस. होड्या पहाटे पाचच्या सुमारास लागायला लागतात आणि साडेपाचला पहिली बोली होते. सुरमई, सरंगा, बांगडा, म्हाकूल, जे मिळालं असेल त्याचे वाटे मांडले जातात. लिलाव पुकारणारा आकडा बोलतो, घेणारी मान हलवते, कारकून वहीत लिहितो. एका वाट्याचा सौदा मिनिटभरात आटपतो, कारण मासा थांबत नाही.

बोलीच्या आकड्यावरून भांडणं होत, म्हणून सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून कॅमेऱ्यांबरोबर एक माइकही लावून घेतला होता. शेडच्या दारावर तसा बोर्ड आहे : इथे आवाजासह चित्रीकरण होतं. एकूण आठ कॅमेरे. त्यातला तीन नंबरचा शेडच्या मधोमध, आणि त्याच्याच शेजारी तुळईला टांगलेला माइक. डीव्हीआर ऑफिसात एका प्लायच्या कपाटात, आत २ टीबीची हार्ड डिस्क.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे ती कामाला येते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सोसायटीचं ऑफिस कुलूपबंद असतं आणि मेन स्विच खाली पाडलेला असतो. बाहेर पाऊस, खारा वारा, आणि आत बंद पडून राहिलेली यंत्रं. मशीन चालू असलं की त्याच्या अंगच्या उष्णतेने थोडी तरी ओल मरते. बंद मशीनला तीही सोय नाही.

तक्रार

ऑगस्टच्या शेवटी चेअरमनचा फोन आला. रेकॉर्डिंग लावलं की चित्र मध्येच गोठतं, पाच-दहा सेकंदांनी एकदम पुढे उडी मारतं, आणि आवाज तर तुकड्या-तुकड्यांनी जातो. लाइव्ह बघितलं तर सगळं व्यवस्थित. "तू नवीन डीव्हीआरच घेऊन ये, जुना काढून टाक," असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं होतं.

खरी घाई वेगळ्याच गोष्टीची होती. नऊ दिवसांपूर्वी सुरमईच्या एका वाट्यावरून वाद झाला होता. कारकुनाच्या वहीत ८,६०० रुपये. घेणारी मावशी, जी गेली कित्येक वर्षं त्याच शेडमध्ये मासे घेते, ती म्हणत होती की बोली ८,१०० वर तुटली. रेकॉर्डिंग लावलं तर बरोबर तिथेच चित्र गोठलं आणि आवाज गेला. मावशीला वाटलं, मुद्दाम पुसलंय. ती ऑफिसच्या दारात उभी राहून चारचौघांत म्हणाली होती, "आवाज खंय गेलो?" आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

पाचशे रुपयांचा वाद म्हणून कुणी हे हसण्यावारी नेईल. पण रोज पहाटे एकमेकांच्या शब्दावर हजारोंचा माल उचलणाऱ्या माणसांत "पुसलंय" हा शब्द एकदा आला की तो लवकर जात नाही.

पहिला निर्णय : हात कशाला लावायचा नाही

मी फोनवरच दोन गोष्टी विचारल्या. आतापर्यंत काय काय करून झालंय? आणि कॅलेंडरमध्ये सगळ्यात जुना दिवस कोणता दिसतोय?

पहिल्याचं उत्तर असं की ऑगस्टच्या सुरुवातीला असाच त्रास झाला तेव्हा कुणीतरी डिस्क फॉरमॅट मारून दिली होती. दोन-तीन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं होतं : सगळ्यात जुना दिवस बारा दिवसांपूर्वीचा.

डीव्हीआरची डिस्क भरली की तो सर्वांत जुन्यावर नवं लिहीत जातो. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने लिहीत असेल, तर दिवसाचे साधारण २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे पावणेदोनशे जीबी. म्हणजे २ टीबीत साडेअकरा-बारा दिवस. वाद नऊ दिवसांपूर्वीचा, म्हणजे माझ्या हातात जेमतेम तीन दिवस. त्यानंतर ती पहाट आपोआप पुसली गेली असती आणि मावशीचा संशय कायमचा खरा ठरला असता.

म्हणून सांगितलं : मी येईपर्यंत फॉरमॅट नाही, रीसेट नाही, सॉफ्टवेअर अपडेट नाही, घड्याळसुद्धा जुळवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी बंदरावर पोचलो.

पहिली फेरी : गोठणं एक, प्रकार तीन

अशा तक्रारीत मी पहिल्यांदा एकच परीक्षा घेतो. दहा मिनिटांचा एक तुकडा निवडायचा, तो तीनदा लावायचा, आणि चित्र कुठे गोठतं ती वेळ दर वेळी कागदावर लिहायची. तिन्ही वेळा त्याच सेकंदाला गोठलं, तर बिघाड रेकॉर्डिंगमध्येच मुरलेला आहे किंवा डिस्कवरची तेवढी जागा खराब आहे. दर वेळी वेगळीकडे गोठलं, तर रेकॉर्डिंग ठीक असून दाखवणाऱ्याची दमछाक होते आहे.

इथे दोन्ही निघालं. काही जागा ठरलेल्या होत्या आणि काही फिरत्या. फिरत्यांचं कारण पाच मिनिटांत सापडलं : ऑफिसात आठही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच वेळी पडद्यावर लावायची सवय होती. अनेक डीव्हीआर आठ कॅमेरे लिहू शकतात, पण आठही पूर्ण दर्जात एका वेळी उलगडून दाखवायची ताकद त्यांच्यात नसते. एकच कॅमेरा लावला की फिरतं गोठणं थांबलं. चेअरमन घरून मोबाइलवर बघत, तिथलं गोठणं तर ऑफिसातल्या राउटरच्या अपलोडमुळे होतं. त्याचा डीव्हीआरशी काही संबंध नव्हता.

राहिल्या त्या ठरलेल्या जागा. तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर काढून लॅपटॉपवर लावला, तरी तिथेच गोठला. मग डीव्हीआरच्या मेनूमधून डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, उघडला. तिथे मी तीन आकडे बघतो. ५ नंबर म्हणजे किती खराब जागा बदलून दिल्या गेल्या. १९७ म्हणजे किती जागा वाचता न आल्याने ताटकळत पडल्या आहेत. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीत किती वेळा मजकूर बिघडला. १९७ शून्य हवा, इथे नव्हता. १९९ तर मोठा होता, आणि कपाटाचं दार जरा आपटलं की वाढत होता.

डीव्हीआर रीतसर बंद करून उघडला. डेटा वायरीच्या टोकाला पांढुरकी भुकटी होती, पॉवरच्या पिनांवर हिरवट थर. पंख्याच्या पात्यांना धूळ चिकटून घट्ट झालेली आणि पंखा बोटाने ढकलल्याशिवाय फिरत नव्हता. उघडण्याआधी डिस्कचं तापमान ५८ अंश दाखवत होतं. आणि डिस्क साध्या कॉम्प्युटरची होती. कॅमेऱ्यांसाठी वेगळी डिस्क येते ती केवळ जास्त पैसे काढायला, असं पुष्कळांना वाटतं. फरक असा की कॉम्प्युटरची डिस्क एखादी जागा वाचता आली नाही तर अनेक सेकंद तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कारण कॉम्प्युटरला एकही अक्षर हरवलेलं चालत नाही. तेवढ्यात इकडे आठ कॅमेऱ्यांचं चित्र येतच असतं, डीव्हीआरची तात्पुरती जागा भरते आणि तो पुढची चित्रं टाकून देतो. कॅमेऱ्यासाठीची डिस्क लवकर नाद सोडते आणि पुढचं लिहायला घेते.

त्यात भर म्हणून जागा वाचवण्यासाठी एच.२६५ प्लस ही चित्र दाबून साठवायची पद्धत चालू केलेली. या पद्धतीत पूर्ण चित्र क्वचित साठवलं जातं आणि मधल्या काळात फक्त बदललेला भाग. म्हणून एखादं चित्र हरवलं की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडदा अडकून राहतो. हरवतो अर्धा सेकंद, गोठतं पाच सेकंद.

पर्याय

शेडच्या पायरीवर बसून चेअरमनना चार वाटा सांगितल्या.

एक, पूर्ण नवा डीव्हीआर. त्यांना तोच हवा होता. पण जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कंपनीचा डीव्हीआर वाचत नाही, कारण प्रत्येकाची साठवण्याची पद्धत वेगळी. शिवाय बोर्ड खराब असल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. दोन, पुन्हा फॉरमॅट. त्याने मावशीची पहाट गेली असती आणि ताटकळलेल्या जागा काही दिवसांनी परत वर आल्या असत्या. तीन, वादाचा तेवढा तुकडा काढून घ्यायचा आणि डिस्क तशीच चालू ठेवायची. स्वस्त, पण खराब डिस्क रोज आणखी खराब होते. चार, जुनी डिस्क जशीच्या तशी काढून बाजूला ठेवायची, आणि नवी डिस्क, नवी वायर, नवा पंखा घालायचा.

चौथा निवडला. चेअरमनचा एक प्रश्न अगदी रास्त होता : "जुनी काढलीस आणि ती पुन्हा कुठे लागलीच नाही तर?" ही भीती खरी आहे. जुनी डिस्क परत लावताना काही डीव्हीआर ती आपली मानत नाहीत आणि इनिशियलाइझ, म्हणजे पुसून कोरी, करू का विचारतात. घाईत होकार गेला की संपलं. विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली तर तोही ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का म्हणतो. म्हणून काढण्याआधी वादाचा पूर्ण तास डीव्हीआरमधूनच दोन पेन ड्राइव्हवर घेतला, एक सोसायटीकडे, एक माझ्याकडे.

हे करताना आणखी एक गाठ पडली. वहीत त्या वाट्याची वेळ ५ वाजून ५० मिनिटं होती, आणि रेकॉर्डिंगमध्ये ५:५० ला शेडमध्ये भलताच वाटा मांडलेला. कारकून घाबरला. मोबाइलशी ताडून पाहिलं तर डीव्हीआरचं घड्याळ १७ मिनिटं मागे होतं. बोर्डावरचा बटणसेल मेलेला, त्यामुळे बंदीच्या काळात घड्याळ भरकटलं आणि ऑगस्टमध्ये कुणीतरी अंदाजाने जुळवलं. ५:३३ ला तो वाटा बरोबर सापडला. घड्याळ मी तेव्हा दुरुस्त केलं नाही. १७ मिनिटांचा फरक आधी वहीत लिहिला, त्यावर चेअरमनची सही घेतली, तुकडा बाहेर काढला, आणि मगच सेल बदलून वेळ लावली. आधी वेळ बदलली असती, तर कोणतं रेकॉर्डिंग जुन्या वेळेचं आणि कोणतं नव्या, याचा घोळ पुढे निस्तरता आला नसता.

दोन्ही फाइलींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढून तोही रजिस्टरमध्ये उतरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात दाखल करायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश द्यावा लागतो. प्रकरण कोर्टात जाईल असं कुणाच्याच मनात नव्हतं. पण फाइलीत एक कणही बदलला तर हॅश बदलतो हे मावशीला समजावून सांगता आलं, आणि ते ऐकल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

माझी चूक

नवी ४ टीबीची कॅमेऱ्यासाठीची डिस्क बसवली, वायर आणि पंखा बदलला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या. तीन नंबरच्या कॅमेऱ्यावर प्लस पद्धत बंद केली आणि दर सेकंदाला एक पूर्ण चित्र येईल असं ठेवलं. अर्धा तास रेकॉर्ड करून परत लावलं. चित्र कुठेच अडकलं नाही, आवाज स्वच्छ. मी शेडमध्ये उभा राहून शंभरपर्यंत आकडे मोजले होते, त्यातला एकही गळला नाही. काम झालं म्हणून सांगून निघालो.

निघताना मावशी शेडबाहेर जाळ्याशेजारी बसली होती. मला म्हणाली, "दुपारी येवन तुका काय गावतला? फाटफटी ये." म्हणजे, दुपारी येऊन तुला काय सापडणार, पहाटे ये. मी हसून मान डोलावली आणि गाडीला किक मारली. ते बोलणं मी मनावर घ्यायला हवं होतं.

चौथ्या दिवशी फोन. चित्र आता गोठत नाही, पण आवाज पहाटे तसाच तुटतो.

चित्राचा आणि आवाजाचा बिघाड एकाच वेळी सांगितला गेला, म्हणून मी कारणही एकच धरून चाललो होतो. पहिल्या दिवशीच्या माझ्या कागदावर गोठलेल्या जागांच्या वेळा होत्या, पण आवाज गेल्याच्या वेळा मी लिहिल्याच नव्हत्या. लिहिल्या असत्या तर तेव्हाच दिसलं असतं की दोन्हीचा मेळ बसत नाही : चित्र दिवसरात्र केव्हाही गोठत होतं आणि आवाज फक्त उजाडायच्या आधी जात होता.

दुसरी फेरी : अंधार की क्रशर?

या वेळी रात्रीच कुडाळहून निघालो आणि पाचच्या आधी शेडमध्ये होतो. डीव्हीआरच्या आवाजाच्या जोडणीवर एक फाटा काढून हेडफोन कानाला लावला.

सगळ्यांचं म्हणणं एकच : बर्फाचा क्रशर चालू झाला की आवाज जातो. आणि कानाला तसंच वाटत होतं. क्रशर सुरू, लादी फुटायला लागली, आणि माइकमधून पुकारणाऱ्याचा आवाज मध्येच कापल्यासारखा. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं हे खरंच आहे, त्यामुळे पटण्यासारखं कारण. चेअरमन तर क्रशरला वेगळी लाइन टाकायचा अंदाजखर्च काढायला निघाले होते, आणि तो खर्च लहान नव्हता.

पण मला एक गोष्ट खटकत होती. क्रशर संध्याकाळी चारलाही चालतो. तेव्हाचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं तर लादी फुटल्याचा खडखडाट पूर्ण ऐकू येत होता आणि त्याच्या आडून माणसांचं बोलणंही. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे विनंती केली : पहिल्या होडीच्या आधी दहा मिनिटं क्रशर बंद ठेवा. बंद ठेवला. आवाज तरीही तुटत राहिला. क्रशर आणि बिघाड एकाच वेळी यायचे ते केवळ दोघांची वेळ पहाटेची म्हणून.

मग उरला अंधार. साडेसात वाजता, लख्ख उजेडात, शिडी लावून तीन नंबरच्या कॅमेऱ्यावर चढलो. एका हाताने कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपी दाबून धरली. आत उजेड जाईना तसे भोवतीचे, अंधारात दिसावं म्हणून असलेले इन्फ्रारेड दिवे मंद लाल होऊन पेटले, आणि दोन-तीन सेकंदांत हेडफोनमधला शेडचा गलका तुटायला लागला. टोपी काढली, दिवे विझले, गलका परत आला. पुन्हा झाकली, पुन्हा तुटला. खाली उभ्या असलेल्या कारकुनाला हेडफोन दिला आणि चार वेळा हाच खेळ करून दाखवला.

कारण असं. माइकला आणि कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा पुरवठा ऑफिसातून एकाच बारीक वायरीवरून जात होता. लांबी ४२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८४. तार साधारण ०.२ चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या तेवढ्या तारेचा रोध सात ओहमच्या वर जातो. दिवसा कॅमेरा आणि माइक मिळून सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर ओढतात, तेव्हा टोकाला १०.९ व्होल्ट मिळत होते. इन्फ्रारेड दिवे पेटले की ओढ चारशेच्या वर, आणि टोकाला ८.६. माइकच्या लेबलवर किमान ९ लिहिलेलं.

"गेल्या वर्षी मग कसा चालला?" हा कारकुनाचा प्रश्न बरोबर होता. नुसत्या तारेचा हिशेब केला तर टोकाला जवळजवळ ९ येतात, म्हणजे माइक गेल्या वर्षीही काठावरच उभा होता. यंदाच्या पावसात जोडणीचा प्लग गंजला. तो उघडल्यावर आतली पिन काळी पडलेली आणि बोटाला ओलसर मीठ लागलं. त्या गंजाने उरलेले काही दशांश व्होल्ट खाल्ले आणि माइक काठावरून खाली आला.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. माइकला ऑफिसातून वेगळी जोडी, तिच्यावर दुसरं काहीही नाही. कॅमेऱ्याला १ चौरस मिलिमीटरची जाड तार. प्लग काढून टाकून सांधे सोल्डर केले, ग्रीस भरून वरून हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी), आणि सगळं अशा डब्यात ज्याचं तोंड खाली आहे. कॅमेरा झाकून मोजलं : कॅमेऱ्याशी ११.४, माइकशी ११.८. त्या रात्री बंदरावरच मुक्काम केला. पहाटेचा पूर्ण लिलाव हेडफोनवर ऐकला, आणि नंतर रेकॉर्डिंगमधून पुन्हा ऐकला.

वादाचा तुकडा

जुन्या डिस्कची दुकानात डीडीरेस्क्यूने प्रत काढली. हा प्रोग्राम आधी चांगल्या जागा उचलून घेतो आणि मग अडलेल्या जागांवर थांबून प्रयत्न करतो. रात्रभर लागली. १७ जागा शेवटपर्यंत वाचता आल्या नाहीत. प्रत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डीव्हीआरला लावली. धोका पत्करायचा तो प्रतीवर, मूळ डिस्कवर नाही. त्याने ती मानली.

५:३३ चं चित्र आता बरंच सलग आलं. पुकारणारा पाठमोरा, मावशी समोर, तिची मान हलते. आवाज मात्र डिस्कमुळे गेलेला नव्हता. माइकच मुका होता, म्हणजे तो क्षण कधी लिहिलाच गेला नव्हता. ऐकू येतं ते एवढंच : "…ऐंशीशे". एक्क्याऐंशी की शहाऐंशी, हे ठरवणारं पहिलं अक्षर त्या अर्ध्या सेकंदात गेलं.

समितीतल्या एकाने सुचवलं की एआयने आवाज भरून काढता येईल. मी नको म्हटलं. तसा प्रोग्राम तिथे एखादं पटेलसं अक्षर बसवेल, पण ते त्याचं असेल, पुकारणाऱ्याचं नव्हे. चेअरमननी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय ऐकू आलं?" मी ते सांगितलं नाही. पन्नास वेळा ऐकल्यावर माणसाला जे हवं ते ऐकू येतं, आणि माझ्या तोंडून निघालेला आकडा बंदरावर निकाल म्हणून फिरला असता. तुकडा समितीपुढे, मावशी आणि कारकून दोघांच्या समोर, तीनदा लावला आणि आवाज का नाही ते टोपी झाकून दाखवलं.

समितीने मावशीचे ८,१०० धरले आणि वरचे ५०० सोसायटीच्या खात्यातून होडीवाल्याला दिले. ठरावात कारण लिहिलं आहे : रेकॉर्डिंग नीट ठेवणं ही सोसायटीची जबाबदारी होती. कारकुनावर ठपका नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी पहिल्याच दिवशी पहाटे जायला हवं होतं. बिघाड ज्या वेळी होतो त्या वेळी तपासला असता तर चार दिवस आणि एक हेलपाटा वाचला असता. दोन लक्षणांच्या वेळा वेगवेगळ्या लिहून काढायला हव्या होत्या. माइक बसवताना त्याच्या टोकाचं व्होल्टेज रात्री मोजलं असतं तर हा वाद उभाच राहिला नसता. आता मी कुठेही माइक लावला की कॅमेरा झाकून मीटर लावतो, मगच बिल करतो.

सोसायटीच्या बाजूने बोलायचं तर ऑगस्टमधलं ते पहिलं फॉरमॅट टाळायला हवं होतं. त्याने दोन-तीन दिवस बरं चाललं, आणि त्या बरेपणामुळे कुणी डिस्कचा अहवाल उघडून पाहिला नाही. बंदीच्या काळात डीव्हीआर आठवड्यातून काही तास चालू करायचा, की काढून कोरड्या डब्यात ठेवायचा, यावर आमचा विचार झाला. मेन स्विच पाडलेला असताना कुणी नेमाने येईल याची खात्री नव्हती, म्हणून यंदा डबा आणि सिलिका जेल ठरलं आहे.

वादाच्या दिवशीच कुणी तुकडा बाहेर काढून ठेवला असता तर नऊ दिवस संशय वाढला नसता. आवाज तेव्हाही मिळाला नसताच, पण "पुसलंय" म्हणायला जागा राहिली नसती.

सध्याची स्थिती

नव्या डिस्कवर साधारण २३ दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. स्मार्टचे १९७ आणि १९९ दोन्ही शून्यावर आहेत. कारकून रोज पहिल्या बोलीआधी आदल्या पहाटेची दोन मिनिटं हेडफोनवर ऐकतो आणि रजिस्टरमध्ये सही करतो. पुकारणारा सौदा तुटला की आकडा दोन तऱ्हांनी बोलतो : "एक्क्याऐंशीशे, आठ एक शून्य शून्य." ही सूचना मावशीची.

जुनी डिस्क सोसायटीच्या तिजोरीत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, वर तारीख घातलेली. पिशवीच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर दोन सह्या आहेत, एक कारकुनाची आणि एक मावशीची.